सुरीच्या आधी सुई

“मावशी, संक्रांतीला आवळ्याएवढी होती. आता मोसंबी म्हणा.”

वरच्या मजल्यावरची सून सांगत होती. वय एकोणचाळीस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सोनोग्राफीची फिल्म आणि दोन कागद. तिच्यामागून कठड्याला धरून सासूबाई जिना उतरत होत्या. वैशाख सरत आला होता, माजघरात आंबे पिकत घातले होते आणि त्या वासात आम्ही तिघी तिच्या डाव्या स्तनातल्या गाठीबद्दल बोलत बसलो.

सोनोग्राफीच्या कागदावर गाठ ५.८ सेंटिमीटर आणि शेरा बायरॅड्स ४-ए, म्हणजे संशय थोडा, पण तुकडा तपासून बघावा. सुईच्या तपासणीच्या, म्हणजे एफएनएसीच्या कागदावर लिहिलं होतं की ही फायब्रोॲडिनोमा असेल किंवा फिलॉइड्स, बायोप्सी करून खात्री करावी. ऑपरेशनची तारीख मात्र गुरुवारची मिळालीसुद्धा. सासूबाईंचं म्हणणं, “एकदाची काढून टाका, नसती ब्याद.” पुण्याच्या नणंदेने फोनवर शोधून ‘फिलॉइड्स म्हणजे सार्कोमा’, म्हणजे आधाराच्या ऊतकाचा कॅन्सर, असं कळवलेलं. त्या रात्रीपासून हिला झोप नाही.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात एकतीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे अंगातून काढलेले तुकडे तपासायच्या, लॅबमध्ये टेक्निशियन होते. ऑपरेशन थिएटरच्या आत काय चालतं ते फारसं पाहिलेलं नाही, पण तिथून बरणीत काय येतं ते रोज पाहिलं. बरणीचं झाकण उघडलं की बऱ्याचदा एक गोष्ट कळायची: कापणाऱ्याला ही गाठ कसली आहे हे आधी ठाऊक होतं की नव्हतं. दांडिया बाजारातली निम्मी वस्ती माझ्याकडे रिपोर्ट घेऊन येते, तेव्हा मी पहिला प्रश्न तोच विचारते. कापण्याआधी गाठीचं नाव कळलंय का?

नावाला एवढं महत्त्व का? भारतात २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले. त्यातले बहुतेक एकाच घराण्यातले, दुधाच्या नळ्यांच्या अस्तरातून उठणारे. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात उपचाराचा एकच साचा बसलाय: गाठ काढायची, काखेतल्या ग्रंथी तपासायच्या, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, मग पाच वर्षं हार्मोनची गोळी. दुर्मिळ गाठी या साच्यात बसत नाहीत. एकीत काखेला हात लावायचं सहसा काही कारण नसतं. एकीत स्तन काढून काहीच हाती लागत नाही, कारण तो आजार मुळात रक्तपेशींच्या घराण्यातला. एकीत तर काही महिने नुसतं थांबून बघणं हाच शहाणपणा. हाताला मात्र सगळ्या ‘गाठ’च लागतात.

पानांची गाठ

आधी फिलॉइड्सबद्दल, कारण हिच्या कागदावर तेच नाव होतं आणि दुर्मिळ गाठींमध्ये सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतात.

स्तनातल्या सगळ्या गाठी धरल्या तर फिलॉइड्स शंभरात एकही भरत नाही. १८३८ साली योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने तिला नाव दिलं ‘सिस्टोसार्कोमा फिलॉइड्स’. ग्रीकमध्ये फिलॉन म्हणजे पान. खंडेराव मार्केटमधून आणलेला कोबीचा गड्डा मधोमध चिरून बघा, आत पानांच्या घड्या आणि त्यांच्यामध्ये बारीक चिरा दिसतात. फिलॉइड्स कापली की तसंच दिसतं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, “बघून ठेव, वर्षात दोन-तीनदा दिसेल.” म्युलरच्या नावातला ‘सार्कोमा’ मात्र उगाच घाबरवत राहिला. या गाठींपैकी निम्म्याहून जास्त सौम्य निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ते शेपूट नावातून काढून टाकलं, पण नणंदेच्या फोनपर्यंत ती बातमी पोचली नसावी.

फायब्रोॲडिनोमा आणि फिलॉइड्स या चुलत बहिणी. दोघींत तेच दोन घटक: नळ्यांचं अस्तर आणि त्याला आधार देणारं ऊतक. फायब्रोॲडिनोमात दोन्ही गुण्यागोविंदाने वाढतात. ही विशी-तिशीतल्या मुलींची गाठ. बोटाखालून निसटते, बहुतेकदा तीन सेंटिमीटरच्या आतच थांबते आणि पुष्कळदा काढावीही लागत नाही. फिलॉइड्समध्ये आधाराचं ऊतकच माजतं, नळ्यांच्या पोकळीत पानांसारखं घुसतं आणि गाठ भराभर वाढते. ही सहसा चाळिशीच्या आगेमागे येते. दहा सेंटिमीटरच्या पुढे गेली की त्वचा ताणून चकचकीत होते, वर निळ्या शिरा दिसतात, क्वचित दाबाने त्वचा फुटतेसुद्धा. ते बघून घरचे खचतात, पण नुसता आकार मोठा आहे म्हणून ती घातक ठरत नाही. मोसंबीएवढी घातक आणि नारळाएवढी सौम्य, दोन्ही आमच्या टेबलावर येऊन गेल्या आहेत.

घातक की सौम्य, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. आधाराच्या पेशींची दाटी किती, त्या बेढब किती, गाठीची कड आखीव आहे की शेजारच्या ऊतकात बोटं घुसवतेय, हे सगळं बघतात. शिवाय पेशी किती वेगाने दुभंगताहेत ते मोजतात. मोठ्या भिंगाखालची दहा दृश्यं बघायची. दुभंगणाऱ्या पेशी पाचाहून कमी असतील तर सौम्य, पाच ते नऊ असतील तर मधली, ज्याला सगळे बॉर्डरलाइन म्हणतात, आणि दहा किंवा जास्त असतील तर घातक. अर्थात एकाच आकड्यावर निकाल लागत नाही, बाकीच्या गोष्टीही जुळाव्या लागतात. आणि गाठ सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात अगदी फायब्रोॲडिनोमासारखी गरीब दिसते, दुसऱ्या कोपऱ्यात घातक. म्हणून गाठ जितके सेंटिमीटर, निदान तितके तरी तुकडे तपासायचे असा दंडक आहे. बारा सेंटिमीटरची गाठ आली की आमचा पूर्ण दिवस तिच्यातच जायचा. “रिपोर्टला इतके दिवस का?” असं काउंटरवर कुणी ओरडलं की मला तो दिवस आठवायचा.

एक सुई आणि दुसरी सुई

आता हिच्या कागदाकडे. सुई तर झाली होती, मग पुन्हा कशाला? घरोघरी हाच प्रश्न. दोन्हीला सुईच म्हणतात, पण फरक मोठा आहे.

एफएनएसीची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक. तिच्यातून सुट्या पेशी येतात, काचपट्टीवर पसरायच्या आणि रंगवायच्या. कापडातून ओढून काढलेल्या दोऱ्यांसारखं समजा. दोरा सुती की रेशमी हे कळतं, पण वीण कळत नाही. फिलॉइड्स आणि फायब्रोॲडिनोमातला फरक सगळा विणीत आहे. त्यामुळे एफएनएसीने ‘हे किंवा ते’ लिहिलं तर त्यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. उलट प्रामाणिकपणे लिहिलंय असं समजावं.

दुसरी कोअर बायोप्सी, बोलीत ट्रू-कट. स्तनासाठी बहुधा चौदा गेजची सुई, साधारण दोन मिलिमीटर जाडीची. आधी लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई गाठीपर्यंत नेतात आणि स्प्रिंगची गन दाबतात. स्टेपलरसारखा ‘टक’ आवाज होतो. बाया दुखण्यापेक्षा त्या आवाजालाच जास्त दचकतात. शेवईएवढे चार-पाच तुकडे निघतात आणि फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा नासू न देणाऱ्या द्रावाच्या, बाटलीत टाकले जातात. तेव्हा एक गंमत दिसते. नुसती चरबी आली असेल तर तुकडा तरंगतो, गाठीचा असेल तर बहुधा तळाला जातो. बाटली बघूनच आमच्या प्यूनला कळायचं की बायोप्सी चांगली झालीय.

सासूबाईंनी विचारलंच, “सुई लावली की पसरतो म्हणतात ना?” ही समजूत फार खोल रुजलीय. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं क्वचित घडू शकतं, पण त्यामुळे आजार अंगभर पसरतो किंवा आयुष्य कमी होतं असं इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेलं नाही. जगभर स्तनाच्या गाठीची हीच पहिली पायरी आहे. नुकसान बहुतेकदा उलट बाजूने होतं, सुई न लावता सुरी लावल्याने.

कोअर बायोप्सीही सर्वज्ञ नाही, हे सांगायला हवं. सहा सेंटिमीटरच्या गाठीतून पाच शेवया काढल्या तर नेमका घातक कोपरा हुकू शकतो. कधीकधी तिथेही उत्तर ‘फायब्रोएपिथेलियल लेजन, गाठ पूर्ण काढून तपासावी’ इतकंच येतं, म्हणजे दोन चुलत बहिणींपैकी कुठली ते नक्की नाही. पण त्या एका ओळीनेसुद्धा ऑपरेशन बदलतं. कसं, ते पुढे सांगते. आणि ऑपरेशन चालू असताना घाईघाईने तुकडा गोठवून तपासायचा, म्हणजे फ्रोझन सेक्शन, तो या गाठीचा प्रकार ठरवायला भरवशाचा नाही.

पेशी लांबट, चात्यांसारख्या दिसल्या तर आणखी एक पेच पडतो. घातक फिलॉइड्सच्या पेशी तशा दिसतात आणि मेटाप्लास्टिक कार्सिनोमाच्याही. हा दुसरा खरा कॅन्सर, तोही शंभरात एकाहून कमी. नळीच्या अस्तरातल्या पेशी आपला मूळ स्वभाव सोडून त्वचेसारख्या, कूर्चेसारख्या, अगदी हाडासारख्यासुद्धा होतात. स्तनाच्या तुकड्यात हाड बघितलं की पहिल्यांदा वाटतं बरण्यांची अदलाबदल झाली. काचपट्टीवर दोघे सारखे दिसतात, पण उपचार वेगळे. मेटाप्लास्टिकमध्ये काखेतल्या ग्रंथी तपासायच्या असतात, केमो-शेकाचा विचार असतो. त्यातल्या बहुतेक गाठी हार्मोनच्या गोळीला दाद देणाऱ्या नसतात आणि नेहमीच्या केमोलाही कमीच जुमानतात, म्हणून पुष्कळदा आधी ऑपरेशन उरकतात. फिलॉइड्समध्ये यातलं बरंचसं गैरलागू. हा फरक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे विशिष्ट प्रथिनाला चिकटणाऱ्या रंगांनी ठरतो. केराटिन नावाचं प्रथिन रंगलं तर मेटाप्लास्टिककडे कौल. एक केराटिन चुकू शकतं म्हणून तीन-चार लावतात. रिपोर्टवर ‘आयएचसी ॲडव्हाइज्ड’, म्हणजे हीच तपासणी करा, असं लिहिलं आणि आणखी पैसे मागितले, तर ते लुबाडणं आहे असं लगेच समजू नका.

लिचीची बी आणि आंब्याची कोय

आता ऑपरेशन. इथे मी तिला माजघरात नेऊन आंबा दाखवला. देशी, रेषाळ, चोखून खायचा.

फायब्रोॲडिनोमा काढणं म्हणजे लिचीतून बी काढणं. छोटा छेद घ्यायचा, बोटाने मोकळी करायची, गाठ स्वच्छ, गुळगुळीत बाहेर येते. फिलॉइड्सही तशीच येते, हीच फसगत. तिच्याभोवती कवच असल्यासारखं वाटतं, पण ते खरं कवच नव्हे, दाबलं गेलेलं शेजारचं ऊतक. गाठीची बारीक बोटं त्याच्या पलीकडे गेलेली असू शकतात. म्हणजे ही रेषाळ आंब्याची कोय. उपटून काढली तर रेषे गरातच राहतात, आणि राहिले की त्याच जागी पुन्हा गाठ येते, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. दुसऱ्यांदा आलेली कधीकधी पहिलीहून दांडगी असते.

म्हणून बॉर्डरलाइन किंवा घातक प्रकाराचा संशय असेल तर गाठ भोवतालच्या निरोगी ऊतकाच्या पट्ट्यासकट काढतात. पट्टा साधारण एक सेंटिमीटर असावा असं धरतात. यालाच मार्जिन म्हणतात. सौम्य फिलॉइड्सबद्दल अलीकडे इतकी सक्ती राहिलेली नाही. गाठ पूर्ण निघाली असेल आणि मार्जिन अरुंद असेल, तर पुन्हा न कापता लक्ष ठेवणंही चालतं. गाठीच्या मानाने स्तन लहान असेल किंवा एक सेंटिमीटर मिळवताना मागे काही उरतच नसेल, तर पूर्ण स्तन काढावा लागतो. पण ते मोजमापाचं गणित आहे. ‘कॅन्सर असेल तर सगळंच काढा’ हा हिशेब या गाठीला लागू नाही. स्तनाचा आकार पुन्हा नीट करायचा असेल तर काही सर्जन मार्जिनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबतात. नाहीतर मांस इकडचं तिकडे सरकवल्यावर नेमकी कुठली कड परत कापायची तेच सापडत नाही.

काखेचं काय? फिलॉइड्स पसरलीच तर रक्तातून पसरते, बहुतेकदा फुप्फुसात. काखेतल्या ग्रंथींमध्ये ती फार क्वचित जाते. म्हणून प्रकार घातक निघाला तर छातीचा सीटी स्कॅन काढतात, पण काख सरसकट साफ करत नाहीत. काख साफ केली की हात सुजण्याचा धोका जन्मभर राहतो. ज्या गाठीसाठी गरजच नव्हती तिच्यासाठी सुजलेला हात घेऊन फिरणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतात, त्यावरून ओळखू येतात.

आता बरणीच्या बाजूने. चांगल्या सर्जनकडून गाठ आली की तिला टाके मारलेले असायचे, आखूड दोरा वरच्या बाजूला, लांब दोरा काखेच्या बाजूला. सोबत चिठ्ठी. त्यावरून आम्ही गाठ टेबलावर तशीच ठेवायचो जशी ती अंगात होती. मग सहा बाजूंना वेगवेगळी शाई: निळी, हिरवी, काळी, पिवळी, लाल, नारिंगी. वर व्हिनेगरचा हात, म्हणजे शाई पक्की बसते. आणि मग पाव कापतात तशा चकत्या. त्यांतले निवडक तुकडे मेणात, मेणाचा ठोकळा मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर. तीन-चार मायक्रॉनची रिबीन निघते, केसाच्या जाडीच्या वीस भागांतला एखादा भाग म्हणा. ती कोमट पाण्यावर सोडली की साय पसरते तशी पसरते. अलगद काचेवर उचलायची, जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा, आणि डॉक्टर बघतात की गाठीच्या पेशी हिरव्या शाईपासून किती लांब आहेत. “हिरवी बाजू, दोन मिलिमीटर” असं लिहिलं की सर्जनला नेमकं कळतं, परत जायचं झालं तर कुठे जायचं.

दोरे नसलेली, चार तुकड्यांत आलेली, तोंड अरुंद असलेल्या बाटलीत कोंबलेली गाठ आली की मात्र शाई कुठल्या बाजूला लावणार? बरणी रुंद हवी, फॉर्मलिन गाठीच्या दहापट हवं. एकदा सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेली गाठ आली. झाकण उघडताच कळलं, ती नासली होती. एकदा लोणच्याच्या बरणीत आली, लेबलावर ‘लिंबू’. आत फॉर्मलिन भरपूर होतं, त्यामुळे लिंबाला मी माफ केलं.

हसण्यासारखं नसलेलंही एक सांगते. नात्यातली एक वहिनी. एका लहान गावातल्या नर्सिंग होममध्ये तिची गाठ ‘साधीच आहे’ म्हणून काढली. ट्रेमध्ये ठेवून घरच्यांना दाखवली आणि टाकून दिली. तुकडा पाठवलाच नाही. तपासणीचे पैसे वाचले याचं घरच्यांना त्या वेळी बरंच वाटलं होतं. चौदा महिन्यांनी त्याच व्रणाखाली दुप्पट मोठी गाठ. पहिली काय होती हे जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी पूर्ण स्तन काढावा लागला. फिलॉइड्सच होती, बॉर्डरलाइन. वहिनी आज ठणठणीत आहे, पण त्या ट्रेची आठवण निघाली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अंगातून निघालेली गाठ, कितीही साधी वाटो, तपासणीला गेलीच पाहिजे.

बाकीच्या पाहुण्या

फिलॉइड्सशिवायच्या दुर्मिळ गाठी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकीत फसायची जागा वेगळी.

स्तनाचा लिंफोमा हा रक्तपेशींच्या घराण्यातला आजार. हाताला नेहमीच्या गाठीसारखाच लागतो. उपचार औषधांचा, गरज पडल्यास शेकाचा. इथे स्तन काढणं म्हणजे नुसतं काढणं, हाती काही लागत नाही. सुई आधी का, याचं याहून ठसठशीत उदाहरण माझ्याकडे नाही. डेस्मॉइड म्हणजेच फायब्रोमॅटोसिस ही चिवट, पसरणारी, पण दूर कुठे न जाणारी गाठ. पूर्वी भरपूर कापायचे. आता बऱ्याचदा आधी काही महिने स्कॅन करत थांबतात, कारण काही गाठी आपोआप थांबतात, काही आक्रसतातसुद्धा.

अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, आणि तो गाठ होऊन येईलच असं नाही. आधीच्या कॅन्सरसाठी शेक घेतलेल्या स्तनावर साधारण पाच-दहा वर्षांनी जांभळट डाग उठतो, मुका मार लागल्यासारखा. मार लागलेला आठवत नाही आणि डाग दोन-तीन आठवड्यांत जात नाही, तर त्वचेचा तुकडा तपासायलाच हवा. हा एमआरआयमध्ये दिसतो त्याहूनही लांब पसरलेला असू शकतो, म्हणून इथे सर्जन हात राखून कापत नाहीत. बोंडीवरचा, म्हणजे स्तनाग्रावरचा, पॅजेटचा आजारही असाच फसवा. जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली तो सांगितला, तरी अजून तो महिनोन् महिने खरूज म्हणून मलमावर काढला जातो. एकाच बोंडीला खाज, खपली, ओल आणि मलमाने बरं होत नाही, तर मलम बदलू नका, बायोप्सी करा.

उलटी फसगतही होते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर दगडासारखा कडक, त्वचा आत ओढणारा, मॅमोग्राफीत हुबेहूब कॅन्सर, आणि निघतो बहुतेकदा सौम्य, मज्जातंतूंच्या वेष्टणातून उगवलेला. १९२६ साली अब्रिकोसोव्ह या मॉस्कोच्या पॅथॉलॉजिस्टने त्याचं वर्णन केलं. १९२४ साली लेनिनचं शव टिकवण्याचं पहिलं कामही त्यांचंच. फॉर्मलिनच्या धंद्यातले आम्ही लोक अशा माणसाला मनातून नमस्कार करतो. आणि आपल्याकडे टीबी विसरून चालत नाही. स्तनाचा टीबी आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाला येणारी एक सूज) हे दोन्ही गाठीचं सोंग घेतात. दोन्हीला मुख्यतः औषध लागतं, मोठं ऑपरेशन नाही. आणि हो, पुरुषांनाही स्तन असतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये शंभरात सुमारे एक रुग्ण पुरुष असतो आणि तो सगळ्यात उशिरा दाखवायला येतो.

गुरुवारचं काय झालं

गुरुवार तिने पुढे ढकलला. सर्जनकडे जाऊन एवढंच विचारलं, “डॉक्टरसाहेब, कागदावर बायोप्सी लिहिलीय, ती आधी करायची का?” मी तिला हेच आणि याच सुरात विचार म्हटलं होतं. भांडायला जायचं नव्हतं. सर्जन भला निघाला, हरकत घेतली नाही. कोअर बायोप्सीचं उत्तर आलं: फिलॉइड्स, प्रकार पूर्ण गाठ बघून ठरवू. मग छेदाची जागा बदलली, मोठा पट्टा घेतला, दोरे मारले. अंतिम रिपोर्ट बॉर्डरलाइन. पाच बाजू मोकळ्या, खालच्या बाजूला दोन मिलिमीटर.

दोन मिलिमीटर पुरे की परत कापायचं, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं. अशा वेळी दुर्मिळ गाठी वारंवार बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्याच काचपट्ट्या पुन्हा वाचून घ्याव्यात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड चालतं, देशभरातली कॅन्सर रुग्णालयं त्यात जोडलेली आहेत. आपल्याला जवळचं म्हणजे अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. त्यासाठी नुसता कागद नेऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक न्यावे लागतात. लॅबमध्ये लेखी अर्ज द्यायचा, सही करून घ्यायचे आणि काम झालं की परत आणून द्यायचे. उपचारांच्या नोंदींची प्रत मागितल्यावर ७२ तासांत द्यावी असं डॉक्टरांसाठीचे २००२ चे नियमच सांगतात, त्यामुळे संकोच नको.

मृग लागून आठवडा झाला तरी पावसाचा पत्ता नव्हता. सकाळी सहाला ती दोघं गाडीने निघाली. मी खाली उतरून बघते तर ब्लॉकची डबी नवऱ्याने समोर डॅशबोर्डवर ठेवलेली, काचेच्या खाली, आठवणीने न्यायची म्हणून. एकवीस ब्लॉक. मी दार उघडून ती काढली, टॉवेलात गुंडाळली आणि तिच्या मांडीवर दिली.

“मेण आहे गं ते. अहमदाबादला पोचेपर्यंत तूप होईल.”